वऱ्हाडातलं न दिसणारं पान

‘मराठी’ असं लिहिलेलं बटण दाबलं की पान क्षणभर पांढरं होतं, पुन्हा उघडतं आणि मजकूर इंग्रजीच राहतो. तुम्ही फोनवर हे कधी ना कधी पाहिलं असेल. पीक विम्याच्या पानावर, विद्यापीठाच्या पानावर, बँकेच्या ॲपवर. आपण म्हणतो, यांनी भाषांतर केलंच नसणार, आणि मुकाट्यानं इंग्रजी वाचायला लागतो.

बहुभाषिक संकेतस्थळं दुरुस्त करणं हे माझं पोटापाण्याचं काम. अमरावतीत बसून करतो. या कामात कळलेली पहिली गोष्ट अशी की भाषांतर मुळातच नसतं असं फार क्वचित होतं. कुणीतरी ते केलेलं असतं, त्याचे (कमीच) पैसे घेतलेले असतात, फाइल सर्व्हरवर पडून असते. मूळ मजकूर आणि त्याचं भाषांतर यांच्यातली गाठ तेवढी सुटलेली असते. ती कुठं सुटली हे शोधत गेलो की निदान वऱ्हाडात तरी मी दर वेळी संगणकातून बाहेर पडून इतिहासात जाऊन पोचतो.

मागच्या एका कामाचंच सांगतो. अकोला जिल्ह्यात कापूस पिकवणाऱ्यांसाठी काम करणारी एक संस्था आहे. नाव महत्त्वाचं नाही. त्यांच्या संकेतस्थळावर गुलाबी बोंडअळीबद्दल चांगली माहिती होती: डोमकळ्या कशा ओळखायच्या, कामगंध सापळे कधी लावायचे, फरदड का घेऊ नये. सगळं इंग्रजीत लिहिलेलं आणि मग मराठीत आणलेलं. तिथल्या कार्यकर्त्याचा फोन आला, “भाऊ, मराठी पान काहून दिसत नाही?”

हा प्रश्न त्यानं कुतूहलापोटी विचारला नव्हता. आठवडाभरावर बैठक होती, आणि पैसे देणाऱ्यांकडून सूचना आली होती की मराठी पानांना वाचक जवळपास शून्य आहेत, तर तो खर्च थांबवू या. हे दुष्टचक्र मी अनेकदा पाहिलंय. पान दिसत नाही म्हणून कुणी वाचत नाही. कुणी वाचत नाही म्हणून मराठीला मागणी नाही असा निष्कर्ष निघतो. निष्कर्षाला तक्ता जोडलेला असतो, त्यामुळे तो खराही वाटतो.

पहिला दोष सापडला तो एका शब्दात, आणि तो शब्द होता ‘वऱ्हाड’.

हा शब्द नीट बघा. मधला तो कोयत्यासारखा अर्धा र हिंदीत नाही. मराठीत तो नसेल तर अर्थ बदलतात: डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्र म्हणजे दर्या, स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यास आणि शिकवणाऱ्या आचार्यास. युनिकोडमध्ये हा र लिहिण्याच्या दोन वाटा आहेत. एकीत ०९३१ क्रमांकाचं ‘ऱ’ हे अक्षर वापरतात. ते तक्त्यात मुळात द्रविड भाषांमधला एक वेगळा र लिहिण्यासाठी ठेवलेलं, मराठीची सोय त्याच्यावर बसवली. दुसरी वाट जुनी: साधा र, त्याला हलन्त, आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब एकसारखे दिसतात. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि एरवी अशी जुळी रूपं एक करून घेणारा युनिकोडचा नियमही या दोघांना एक करत नाही.

संस्थेत मराठी पानं ‘वऱ्हाड’ या विभागाखाली ठेवली होती. पानं भरणाऱ्या मुलीनं फोनच्या कीबोर्डवर पहिल्या वाटेनं शब्द लिहिला. मेन्यू बनवणाऱ्यानं जुन्या टंकलेखन साधनात, दुसऱ्या वाटेनं. मेन्यू ज्या नावाचा विभाग शोधत होता तो अस्तित्वातच नव्हता, म्हणून संकेतस्थळ निमूटपणे इंग्रजीवर परतत होतं. त्यात भर म्हणजे काही प्रणाली न दिसणारी चिन्हं ‘कचरा’ समजून काढून टाकतात. मग तो र ह च्या डोक्यावर रफार होऊन बसतो आणि वऱ्हाडाचं नावच चुकतं.

नाव चुकणं वऱ्हाडाला नवीन नाही. अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त या सुभ्याच्या नावाची फोड वरदा नदीचा तट अशी दिली आहे. फारसी दप्तरात ते बरार झालं, इंग्रजीत बेरार. अमरावतीचं इंग्रजी स्पेलिंग जुन्या कागदांत ‘ऊमरावती’ असं वाचावं लागेल असं, नंतरच्या गॅझेटियरात ‘अमरावती’चं ‘अमरावटी’कडे झुकणारं ‘अम्राओती’. इथल्या कापसाला मुंबई आणि लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ म्हणत. गाठी बांधणाऱ्या माणसाला आपल्या गावाचं ते नाव ओळखू आलं असतं का, हा प्रश्न मला नेहमी पडतो. माल एकच, नाव दोन, आणि भाव त्या दुसऱ्या नावानं ठरायचा.

हा दोष दुरुस्त करायला वीस मिनिटं लागली. सगळीकडचा वऱ्हाड एकाच वाटेनं लिहून घेतला. अर्धी पानं दिसू लागली.

उरलेल्या अर्ध्यांपैकी बरीच पानं दिसली, पण वाचता येईनात. इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हं यांचा नुसता खच. वीस वर्षांपूर्वी ज्यांनी मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळं उघडली त्यांना हे दृश्य आठवेल. तेव्हा आधी फॉण्ट उतरवून घ्यावा लागे. तुमच्यातले बरेच जण तेव्हा शाळेतही गेले नसतील, म्हणून थोडक्यात सांगतो. त्या काळचे डीटीपीचे बहुतेक मराठी फॉण्ट फसवे होते. फाइलमध्ये साठायची रोमन अक्षरं आणि चिन्हं, फॉण्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवायचा. कुठल्या चिन्हावर कुठलं अक्षर, हा तक्ता प्रत्येक कंपनीचा वेगळा. फॉण्ट हाताशी असेल तर मराठी, नसेल तर गिचमिड. संस्थेची जुनी पत्रकं अशाच एका फॉण्टात होती आणि कुणीतरी ती जशीच्या तशी नव्या संकेतस्थळावर चिकटवली होती. नंतर दुसऱ्या कुणीतरी ती खराब फाइल समजून लपवून ठेवली.

अशा वेळी मला रिद्धपूर आठवतं. अमरावती जिल्ह्यातलं, मोर्शी तालुक्यातलं हे गाव. गोविंदप्रभूंचं, आणि म्हणून महानुभावांचं. चक्रधरांच्या आठवणी गोळा करून म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं, ते याच परिसरात. मराठी गद्याची सुरुवात इथं दाखवतात. पंथाच्या परंपरेत एक प्रसंग सांगतात: केसोबासांना संस्कृतात लिहायचं होतं, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं, कारण तसं केलं तर पंथातल्या म्हाताऱ्या बायका त्या ज्ञानाला मुकल्या असत्या. वाचक कोण आहे हे ठरवून भाषा निवडण्याचा इतका स्वच्छ निर्णय मला आजच्या संकेतस्थळांच्या बैठकांतही क्वचित ऐकू येतो.

आणि याच पंथानं पुढे आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिले. सकळ लिपी ही त्यांतली सर्वांत वापरातली. तिचं श्रेय परंपरा रवळोबासांना देते. तत्त्व सोपं: एका अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं चिन्ह, आणि कुठलं कुठल्या जागी हा तक्ता दीक्षा घेतलेल्यांपाशी. पोथ्या होत्या, नकला होत होत्या, मठांत त्या वाचल्याही जात होत्या. बाहेरच्या मराठी जगाला मात्र त्या दिसत नव्हत्या. असं का केलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. ग्रंथ जपणं, परक्यांपासून राखणं, पंथाबाहेरच्यांचा विरोध, अशी कारणं दिली जातात. परिणाम मात्र स्पष्ट आहे. मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तोवर ज्ञानेश्वरीच्या आसपासचं मराठी गद्य जवळपास नाहीच असं धरलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपीची किल्ली शोधली आणि हे सगळं एकदम ‘दिसू’ लागलं. वि. ल. भाव्यांना आपल्या ‘महाराष्ट्र सारस्वता’त महानुभावांसाठी जागा करावी लागली. यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने, पुढे वि. भि. कोलते यांनी आयुष्यं यात घातली. कोलत्यांनी संपादित केलेलं ‘लीळाचरित्र’ १९७८ साली आलं, म्हणजे रचनेनंतर सुमारे सातशे वर्षांनी. रिद्धपुरात २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं.

ज्यांनी म्हाताऱ्या बायकांसाठी संस्कृत नाकारलं त्यांच्याच पोथ्या पुढे किल्लीशिवाय कुणाला वाचता येईनात, ही विसंगती मला छळते. त्यावर पंथाला दोष द्यावा असं मात्र वाटत नाही. मूळ प्रत धाडीच्या काळात हरवली आणि अनुयायांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला असं सांगतात. एकदा सगळं गमावलेली माणसं कुलूप लावतातच. डीटीपी कंपन्यांच्या कुलपाबद्दल माझं मत इतकं उदार नाही.

संस्थेच्या पत्रकांसाठी मी राजवाड्यांचंच काम छोट्या प्रमाणावर केलं. जुनं छापील पत्रक एका हाताशी, गिचमिड दुसऱ्या हाताशी, आणि मधे तक्ता. ‘कपाशी’, ‘बोंडअळी’ असे पुन्हा पुन्हा येणारे शब्द आधी सापडतात, मग त्यांतल्या अक्षरांवरून बाकीची. वेलांट्या त्रास देतात, कारण पहिली वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते आणि युनिकोडमध्ये नंतर येते.

तरीही काही वाक्यं इंग्रजीच राहिली. एकाच पानावर चार ओळी मराठी, मधेच एक इंग्रजी, पुन्हा मराठी. ही तिसरी गाठ मला सगळ्यांत बोधक वाटते.

संकेतस्थळांची भाषांतरं साठवण्याची एक रूढ पद्धत आहे, गेटटेक्स्ट नावाची. तिची मुळं नव्वदच्या दशकात. हिच्यात प्रत्येक इंग्रजी वाक्य हीच किल्ली असते, आणि त्याच्यासमोर मराठी वाक्य. इंग्रजी वाक्यात कुणी एक शब्द बदलला की किल्ली बदलली. मग साधन जुन्या मराठी वाक्याला टाकून देत नाही, त्याला ‘फझी’ असा शिक्का मारतं. म्हणजे धूसर, भरवसा नसलेलं. आणि अंतिम फाइल बांधताना शिक्का असलेली वाक्यं वगळली जातात. मराठी वाक्य बरोबर असतं, कुणी ते चूक म्हटलेलं नसतं. मूळ हललं एवढाच त्याचा गुन्हा. संस्थेत कुणीतरी इंग्रजी पानांवरच्या विरामचिन्हांची साफसफाई केली होती, आणि शेकडो मराठी वाक्यं एका रात्रीत धूसर झाली होती.

विसाव्या शतकात वऱ्हाडाची शासकीय भाषा अशीच वारंवार धूसर होत गेली असं मला दिसतं. १८५३ च्या तहानं निजामानं हा मुलूख कंपनीच्या कारभाराखाली दिला. पूर्व वऱ्हाडाचं ठाणं अमरावती, पश्चिमेचं अकोला. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला, राजधानी नागपूर, आणि प्रांताचा मोठा भाग हिंदी बोलणारा. स्वातंत्र्यानंतर त्याचं मध्य प्रदेश झालं तेव्हा १९५० मध्ये कायद्यानं हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा ठरल्या. एकाच सरकारला दोन भाषांत बोलायचं, तर शब्द हवेत. त्या काळात नागपुरात डॉ. रघुवीर यांनी संस्कृतच्या पायावर हजारो पारिभाषिक शब्द घडवले. बँकेला अधिकोष वगैरे. त्या शब्दांची टिंगल करणं सोपं आहे, आणि मीही ती केली असती, पण दोन भाषांना एकच शब्द चालावा ही त्यामागची कल्पना भाषांतराच्या धंद्यातल्या माणसाला कळते. एक तक्ता, दोन भाषा, निम्मं काम.

मग १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. शेजारची भाषा हिंदी होती, ती गुजराती झाली. साडेतीन वर्षांनी, १ मे १९६० ला, महाराष्ट्र आला. त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झालं, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला, आणि नव्या राज्यानं आपले कोश नव्यानं रचले. अकोल्याचा एखादा कारकून १९५० मध्ये पंचविशीत असेल, तर पन्नाशीच्या आत त्याचं राज्य दोनदा बदललं आणि कागदावरचे शब्द पुन्हा शिकावे लागले. नागपुरी शब्द चूक ठरवून कुणी खोडले नाहीत. मूळ हललं. ते कोश ग्रंथालयांत अजून मिळतात.

धूसर वाक्यं मी एकेक वाचून शिक्के काढले. दोन दिवस गेले. इथं घाई करून चालत नाही, कारण क्वचित एखाद्या वाक्यात अर्थ खरंच बदललेला असतो. फवारणीचं प्रमाण बदललं असेल आणि जुनं मराठी वाक्य पुन्हा जिवंत केलं, तर ते न दिसण्यापेक्षा वाईट.

एक किरकोळ गोष्ट राहिली. मी पाहिलेले इथले बहुतेक फोन मराठी बोलणाऱ्यांच्या हातात असून इंग्रजीवर लावलेले असतात, दुकानातून आले तसे. ब्राउझर तीच भाषा संकेतस्थळाला कळवतो आणि संकेतस्थळ ती ऐकतं. उपाय साधा: माणसानं बटण दाबलं असेल तर फोन काय म्हणतो ते विचारू नये.

बैठक झाली. मराठी पानं राहिली. उलट चर्चेतून नवी मागणी निघाली: पातूर, बाळापूरकडच्या शेतकऱ्यांसाठी उर्दूही घ्या.

पातूरचं नाव तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. अकोल्याहून वाशीमकडे जाताना लागणारं गाव. तिथल्या नगर परिषदेच्या नव्या इमारतीवर पाटी लागली: वर मराठी, त्याखाली तेच उर्दूत. खालची ओळ काढावी असा अर्ज एका माजी सदस्येनं केला. फेब्रुवारी २०२० मध्ये परिषदेनं तो बहुमतानं फेटाळला. १९५६ पासून इथं उर्दू वापरात आहे आणि लोकांना ती समजते, असं कारण दिलं. डिसेंबरात अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी अर्ज मान्य केला. एप्रिल २०२१ मध्ये अमरावतीच्या विभागीय आयुक्तांनी तो आदेश रद्द केला. पुढे नागपूर खंडपीठ, सर्वोच्च न्यायालय, मधेच स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेचा २०२२ चा कायदा, पुन्हा खंडपीठ. १० एप्रिल २०२४ ला उच्च न्यायालयानं सांगितलं की मराठी असताना जोडीला दुसरी भाषा लिहायला कायद्यात बंदी नाही. १५ एप्रिल २०२५ ला न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि के. विनोद चंद्रन यांच्या पीठानं तेच कायम ठेवलं. भाषा म्हणजे धर्म नव्हे, असंही निकालात आहे.

एका ओळीच्या भाषांतरासाठी पाच वर्षं. मला त्यात सगळ्यांत लक्षणीय वाटते ती गोष्ट वेगळीच. त्या ओळीत नवा मजकूर काहीच नव्हता. वरच्या ओळीत जे होतं तेच खाली होतं. ती काढली असती तर मराठी वाचणाऱ्याला एक शब्दही जास्त मिळाला नसता. आणि मराठी ओळ तरी किती सोवळी? त्याच तालुक्यातला शेतकरी तहसीलमध्ये जातो, अर्ज देतो, फेरफाराची नक्कल मागतो, वकील करतो. यांतला कुठला शब्द कुठून आला हे त्याला कुणी विचारत नाही.

तर उर्दूचं बटण संकेतस्थळावर लागलंय. सध्या ते दाबलं की मराठी दिसतं. उर्दू वाक्य सापडलं नाही तर मराठी दाखव, तेही नसेल तर इंग्रजी, असा क्रम मीच लावलाय. इंग्रजीपेक्षा मराठी त्यांना जवळची, हा माझा विचार. पण कालच त्याच कार्यकर्त्याचा फोन आला. पातूरच्या कुणीतरी त्याला विचारलं होतं, उर्दू पान काहून दिसत नाही?

पान आहे. बाळापूरच्या एका शिक्षिकेनं सगळा मजकूर करून दिलाय, पण इनपेजच्या जुन्या आवृत्तीत, म्हणजे उर्दू डीटीपीच्या फसव्या साठवणीत. उघडलं की पुन्हा गिचमिड, या वेळी उजवीकडून डावीकडे जाणारी. मी त्यांच्याकडून छापील प्रत मागवून घेतली आणि तक्ता करायला बसलोय. निम्मी अक्षरं सापडली आहेत. डोमकळीला उर्दूत काय म्हणायचं, हा प्रश्न मला पडला होता. त्यांनी उर्दू लिपीत सरळ ‘डोमकळी’ लिहिलंय, आणि ळ साठी समासात एक खूण केली आहे.